यंत्र आहे, चालवणारा कागदावर नाही

ऑक्टोबर लागला की मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत, ऑर्थोच्या वॉर्डात मळणी यंत्राचे रुग्ण यायला लागतात. सोयाबीनची रास करताना कुणाचा पंजा गेलेला असतो, कुणाची बोटे. बाई असेल तर पदर नाहीतर ओढणी आत ओढली गेलेली असते. सोयाबीन संपले की तूर, मग हरभरा, गहू. हे दुखणे इतके जुने आणि ठरलेले आहे की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला तेव्हा डोळ्यांपुढे मळणी यंत्रच होते. यंत्राला संरक्षक काय हवे, मजुराला इजा झाली तर भरपाई कुणी द्यायची, हे त्यात लिहिले आहे. खेड्यात त्या कायद्याचे पुढे काय झाले तो वेगळा आणि बराचसा उदास विषय आहे. पण हे यंत्र माणसाचा हात नेते आणि त्याची जबाबदारी कुणावर तरी आहे, एवढे निदान मान्य झाले.

आता त्या जखमी माणसाला ज्या चादरीवर झोपवतात ती कुठून आली ते पाहू. ती लॉन्ड्रीतल्या अशा एका यंत्रातून निघालेली असते, ज्यात हात गेला तर मळणी यंत्रापेक्षा काही वेगळे होत नाही. त्याची जखम शिवायची हत्यारे वाफेच्या दाबावर निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधून आलेली असतात. त्याला वरच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट, उशाशी उभे केलेले ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर, पोळ्यांची कणीक मळणारे यंत्र, इंजेक्शनच्या सुईचे टोक कापणारा कटर, वीज गेली की धडधडणारा जनरेटर, हे सगळे कुणीतरी चालवत असते. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय, जिल्ह्याजिल्ह्याची सिव्हिल आणि शे-दोनशे खाटांची खासगी रुग्णालये धरली तर अशी माणसे मराठवाड्यात हजारोंनी असतील. पण बहुतेक ठिकाणी 'यंत्र चालवणारा' म्हणून हा माणूस कुठल्याही कागदावर नसतो. कागदावर तो कक्षसेवक असतो, सफाईगार असतो, आया, धोबी, स्वयंपाकी, नाहीतर ठेकेदाराचा 'मल्टिपर्पज वर्कर'. माझ्या मते रुग्णालयातल्या इजांचे मूळ याच कागदात आहे. ज्याचे नाव यंत्रापुढे लिहिलेलेच नाही त्याला शिकवायचा प्रश्न येत नाही, त्याच्या यंत्राला गार्ड आहे का हे बघायला कुणी जात नाही, आणि उद्या त्याचा हात गेला तर 'तो तिथे नसत्या उठाठेवी करायला गेला होता' असे लिहायला सगळे मोकळे.

माझी नोकरी संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमध्ये देखभालीच्या कामात गेली. पत्र्याचे भाग ठोकणारे पॉवर प्रेस काय करू शकतात ते तिथे रोज दिसायचे. वाळूज, चिकलठाण्यात दोन-तीन बोटे कमी असलेले कामगार आजही चहाच्या टपरीवर भेटतात, त्यामुळे कारखान्यांत सगळे आलबेल आहे असे माझ्या तोंडून निघणार नाही. तरी तिथे भाषा तरी तयार झाली होती. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, हात आडवा आला की प्रकाशाचा पडदा तुटून प्रेस थांबावा, डाय, म्हणजे साचा, बदलताना मेन स्विचला कुलूप असावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. कामगार नवा असो की जुना, 'गार्ड', 'सेन्सर', 'इमर्जन्सी' हे शब्द त्याच्या तोंडात असायचे. निवृत्तीनंतर ओळखीच्या डॉक्टरांच्या आग्रहाने काही रुग्णालयांची यंत्रे बघायला गेलो. तिथे यंत्रे होती, आणि ती चालवणारी माणसेही होती. ही भाषा मात्र नव्हती.

लॉन्ड्रीतले हायड्रो घ्या. पूर्ण नाव हायड्रो एक्स्ट्रॅक्टर, पण सगळे 'हायड्रो'च म्हणतात. बाहेर लोखंडी पिंप आणि आत भोके पाडलेली स्टीलची टोपली. धुतलेल्या ओल्या चादरी त्यात भरायच्या, टोपली मिनिटाला सातशे-आठशे, काहींत हजारापर्यंत फेरे घेते आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. बटण बंद केले तरी भरलेली टोपली लगेच थांबत नाही. ब्रेक झिजलेला असेल तर बराच वेळ फिरत राहते. म्हणून यंत्र बनवणारा झाकणाला एक छोटा स्विच बसवतो. झाकण उघडे असेल तर यंत्र सुरू होत नाही, आणि चांगल्या यंत्रात टोपली थांबल्याशिवाय झाकण उघडत नाही. हा स्विच म्हणजे लॉन्ड्रीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओल, वाफ, कपड्यांची लव यांनी तो खराब होतो. नवा मागवायला कागद वर जातो. कागद येईपर्यंत वॉर्डातून चादरींचे गाठोडे थांबत नाही.

एका जिल्ह्याच्या गावी अशा यंत्राशी काम करणाऱ्या बाईंना मी विचारले, "मावशी, हे झाकण उघडं कशापायी ठेवलंय?"

"लावलं तरी तेवढंच अन् न्हाई लावलं तरी तेवढंच," त्या म्हणाल्या. "त्याचं बटन गेलं व्हतं. वायरमननं दोन तारा जोडून दिल्या. आता चाललंय बघा."

मग त्यांनी काम करून दाखवले. स्विच बंद केला, टोपली फिरतच होती. शेजारच्या बादलीतला एक ओला बोळा उचलून त्यांनी फिरत्या टोपलीच्या कडेला दाबून धरला, वेग उतरला. हे त्या इतक्या सराईतपणे करत होत्या की ब्रेक खरे तर यंत्रात असायचा असतो हे क्षणभर विसरायला व्हावे. आत चादरीचे एक टोक वर आलेले होते. ओले सुती कापड फाटत नाही. ते मनगटाला एक वेढा घेऊन गेले तर हात मागे घ्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात टोपलीचे पाच-सात फेरे झालेले असतात. मावशींच्या हातात बांगड्या होत्या, पदर खोचलेला होता, पण खोचलेलाच.

यात वाईट कुणीच नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. वायरमनने तारा जोडल्या त्या मदत म्हणून. इन्चार्ज सिस्टरांनी 'आजच्या आज चालू करून द्या' म्हटले ते वॉर्डात चादर नव्हती म्हणून. उन्हाळ्यात तर धुण्याचे वेळापत्रक टँकरच ठरवतो, पाणी आले की दोन दिवसांचे ढीग एकदम काढायचे. प्रत्येकाने आपापले काम नीट केले आणि सगळ्यांनी मिळून मावशींचा हात टोपलीच्या कडेवर आणून ठेवला. म्हणूनच 'जरा काळजी घेत चला' हा उपदेश मला पोकळ वाटतो. काळजी घ्यायची तर कुणाला तरी यंत्र बंद ठेवायचा अधिकार लागतो, आणि तो त्या मावशींना नव्हता, वायरमनला नव्हता, सिस्टरांनाही नव्हता.

विजेचे तर आपल्याकडे खास दुखणे आहे. मराठवाड्यात विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' बसवणे ही काही चैन नाही. रात्री दोनला लाइट आली तर शेतकऱ्याने उठून बांधावर जायचे का? लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, ही सोय त्याने शोधली आणि योग्यच केले. पण माणसाचे हात ज्याच्यात जातात अशा यंत्राला नेमके उलटे हवे. वीज गेली की स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल सुटून यंत्राचा जोड तुटला पाहिजे आणि वीज परत आली तरी कुणी बटण दाबल्याशिवाय यंत्र हलता कामा नये. कणीक मळायचे यंत्र मधेच बंद पडले, बाईने आत हात घालून गोळा सोडवायला घेतला, आणि तेवढ्यात जनरेटर सुरू झाला. ज्या मेकॅनिकने कालपर्यंत मोटारींचे पॅनेल भरले त्यालाच रुग्णालयात पॅनेलचे काम मिळते, आणि कॉइलची कटकट नको म्हणून तो हातासरशी ती काढून थेट जोड देतो. हे तपासायला कुठलेही उपकरण लागत नाही. यंत्र रिकामे चालू करा, मेन बंद करा, परत चालू करा. यंत्र आपोआप फिरले तर ते धोक्याचे. प्रत्येक रुग्णालयाने ही परीक्षा एका दुपारी उरकावी.

ऑटोक्लेव्हकडे पाहताना लोकांना वाफेचे चटके आठवतात, पण खरा धोका दाबाचा आहे. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला १२१ अंश सेल्सियस तापमान आणि दर चौरस इंचाला १५ पौंड दाब लागतो. ऐकायला आकडा लहान आहे. दोन फूट व्यासाच्या दारावर तोच दाब सुमारे तीन टन भरतो. दार बंद करणारे चाक कुणी दाब उतरण्याआधी फिरवले तर समोर कोण उभे आहे याचा विचार ते दार करत नाही. आता यात आपल्या भागाची भर म्हणजे बोअरचे पाणी. बेसाल्टच्या खडकातून येणारे हे जड पाणी चहाच्या पातेल्याला जशी खर धरते तशीच ऑटोक्लेव्हच्या हीटरला, दाबमापकाच्या बारीक नळीला आणि सेफ्टी व्हॉल्व्हलाही धरते. नळी क्षाराने बुजली की काटा खोटे बोलतो. शून्य दाखवतो आणि आत दाब असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट बसला तर जास्तीचा दाब बाहेर पडायची वाटच राहत नाही. ऑटोक्लेव्हला मऊ केलेले पाणी वापरा, असे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका इंग्रजीत असते आणि स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद असते. ऑपरेशन थिएटरमधले मामा मात्र पंधरा वर्षांच्या सवयीने 'शिट्टीच्या आवाजावरून' दाब ओळखतात. त्यांची ही कला खरी आहे, पण रुग्णालय तिच्यावर विसंबून राहते हे बरोबर नाही. मामा रजेवर गेले की त्या जागी आदल्या आठवड्यात लागलेला पोरगा उभा असतो.

लिफ्टबद्दल फार लिहीत नाही, कारण निदान तिच्यासाठी २०१७ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी आहे. पण लिफ्ट बंद पडली की काय होते ते सांगायला हवे. रुग्ण जिन्याने उचलून न्यावा लागतो. रुग्णालयातल्या इजांत सगळ्यात मोठा वाटा अशा उचलण्याचा असतो, आणि ती इजा यंत्र नसल्यामुळे होते. अमेरिकेत २०११ साली रुग्णालयांत कामाशी संबंधित २ लाख ५३ हजार ७०० इजा आणि आजार नोंदले गेले, म्हणजे दर १०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे ६.८. हे प्रमाण तिथल्या बांधकाम आणि कारखानदारीपेक्षाही जास्त होते. ज्या इजांमुळे कामावर गैरहजर राहावे लागले त्यांतल्या ४८ टक्के इजा ताण पडल्यामुळे, उचलण्या-वाकण्यामुळे होत्या. तिथे रुग्ण उचलणारे पाळणे आहेत, यांत्रिक खाटा आहेत, तरी ही गत. तिथले तज्ज्ञ सांगतात की रुग्ण हलवताना एका माणसाच्या वाट्याला १६ किलोपेक्षा जास्त वजन येऊ नये. आपल्याकडे सत्तर-ऐंशी किलोचा माणूस चादरीची चार टोके धरून स्ट्रेचरवर घेतात. चौघे असतील तरी वीस किलोच्या आसपास आले, आणि चौघे असतातच कुठे? एक मामा, एक मावशी आणि बाकी दोन टोकांना नातेवाईक. वर स्ट्रेचरचे एक चाक अडकलेले असते, ते तिरपेच पळते. कंबरेत उसण भरलेली मावशी दुसऱ्या दिवशी बाम चोळून कामावर येते. तिच्या कंबरेची नोंद होत नाही, कारण ती 'वयामुळे' दुखत असते.

नोंदीचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. देशात कामावरच्या अपघातांची जी आकडेवारी तयार होते ती प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांवरून. त्यात रुग्णालय येत नाही. एकाच ठिकाणी रुग्णालयाला स्वतःचे अपघात लिहावे लागतात, ते म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. कचरा हाताळताना अपघात झाला तर ठरलेल्या नमुन्यात कळवायचे, आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालात वर्षभरातले अपघात आणि बाधित माणसे लिहायची. याच नियमांत कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी सांगितलेली आहे. असे काही अहवाल माझ्या पाहण्यात आले. अपघातांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: निरंक. जिथे रोज शेकडो सुया टोचल्या जातात तिथे वर्षभरात एकही सुई कुणा सफाईगाराच्या बोटाला लागली नाही, यावर विश्वास ठेवायला फार श्रद्धाळू असावे लागेल. सुई लागली की पोरगा नळाखाली बोट धरतो, चिंधी बांधतो आणि गप्प बसतो. सांगितले तर ठेकेदार म्हणणार, 'ग्लोव्हज का घातले नव्हते?' आणि ग्लोव्हज संपलेले असतात.

गप्प बसण्याला कारण आहे. मोठा अपघात झाला की आपल्याकडे बोट कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. गुन्हा डॉक्टर, वॉर्डबॉय आणि आया यांच्यावर दाखल झाला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग केंद्रात एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ अशाच सिलिंडरसह एमआरआयला चिकटून जवळपास चार तास अडकले होते. चार वर्षांत एकाच महानगरात तोच अपघात, तेच सिलिंडर. एमआरआयचे चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असते, रात्री, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ही एक गोष्ट दाराशी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेली असावी आणि आत जाणारे सिलिंडर, ट्रॉली लोखंडी नसावी. या दोन्ही गोष्टी वॉर्डबॉयच्या हातातल्या नाहीत. एमआरआय आता मराठवाड्यातही जागोजागी आहेत. त्या खोलीत स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितले आहे का, एवढा प्रश्न तिथल्या प्रमुखांनी आज विचारला तरी मी हा लेख सत्कारणी लागला म्हणेन.

नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या ऑक्टोबर २०२३ च्या मृत्यूंनंतर खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, ते चित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. स्वच्छता कशी आहे यावर आठवडाभर रान उठले. ती स्वच्छता किती हातांनी करायची असते आणि त्यांतले किती हात भरतीअभावी मुळात तिथे नाहीत, हा प्रश्न दोन-चार बातम्यांत येऊन विरून गेला.

आता कायद्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. धोका नसलेली कामाची जागा देणे हे तिच्यात मालकाचे कर्तव्य आहे, आणि गंभीर इजेचा धोका दिसला तर तो मालकाच्या कानावर घालायचा हक्क कामगाराला आहे. खासगी रुग्णालयांनी यातून पळवाट शोधू नये, ती नाही. सरकारी रुग्णालयांची गंमत वेगळी आहे. ही संहिता राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही, पण तिथे ठेकेदारामार्फत आलेल्या कंत्राटी कामगारांना लागू आहे. रुग्णालय म्हणजे 'कार्यालय' का, यावर वकील भांडतील. मुंबईच्या जे. जे. समूहातल्या वॉर्डच्या नोकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच रुग्णालय हा 'उद्योग' मानला होता, तेव्हा भांडायला जागा आहे. पण सरकारचेच म्हणणे खरे धरले तर एकाच हायड्रोवर उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी ठेक्यावरची कायद्याच्या छत्राखाली आणि कायम नोकरीतली उन्हात, असे होईल. हे हास्यास्पद आहे. राज्याने एका परिपत्रकाने सांगून टाकावे की आपल्या रुग्णालयांत ही संहिता सगळ्यांना सारखीच पाळली जाईल. त्यासाठी विधानसभा भरवावी लागत नाही.

भरपाईच्या नियमात एक कलम आहे, ते प्रत्येक कक्षसेवकाने माहीत करून घ्यावे. १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा आता त्या चारांतल्याच सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; तिच्या परिशिष्टातही अंगठा गेला तर कमाईक्षमतेचे ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, पंजा गेला तर ६० टक्के नुकसान धरलेले आहे. काम ठेक्याचे असले तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. पण कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले असेल, आणि इजा मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाची नसेल, तर मालक हात वर करू शकतो. म्हणजे मावशींची चार बोटे गेली तर पहिला प्रश्न येणार, झाकणाचा स्विच कुणी काढला? तारा जोडणाऱ्या वायरमनची सही कुठेच नसते. यंत्रासमोर उभी असते ती मावशी.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते: "साहेब, रुग्ण आधी. यंत्र बंद ठेवलं तर ऑपरेशनं थांबतील." हा युक्तिवाद खोटा नाही आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. एका हायड्रोवर सगळे रुग्णालय अवलंबून असेल तर पहिली चूक तिथेच झाली. ऑटोक्लेव्ह बिघडला म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या तर ते आपण समजून घेतो, कारण निर्जंतुक नसलेले हत्यार रुग्णाला मारू शकते. म्हणजे यंत्र बंद ठेवायची तयारी असते, फक्त धोका रुग्णाला असला पाहिजे. तोच धोका ते यंत्र चालवणाऱ्याला असला की 'आजचा दिवस काढा' सुरू होते. दुसरे उत्तर पैशाचे. नवे एमआरआय, नवे सीटी स्कॅन यांच्या उद्घाटनाला पैसा येतो, फीत कापायला मंत्री येतात. झाकणाच्या स्विचचे उद्घाटन होत नाही, खरी अडचण तेवढीच आहे. रुग्ण कल्याण समितीच्या हाताशी असलेल्या निधीतून अशा वस्तू घेणे जड जाऊ नये.

करायचे काय, तर सुरुवात कागदापासूनच करावी, कारण बिघाड तिथे आहे. प्रत्येक फिरणाऱ्या, दाबाखाली चालणाऱ्या, कापणाऱ्या यंत्रापुढे पाटी असावी: हे यंत्र कोण चालवू शकतो, त्याची नावे, पाळीप्रमाणे, आणि दुरुस्तीला जबाबदार कोण. ज्याचे नाव नाही त्याने हात लावायचा नाही, मग सांगणारे सिव्हिल सर्जन का असेनात. ज्याचे नाव आहे त्याला लेखी अधिकार हवा की सुरक्षेचे साधन बिघडले तर तो यंत्र बंद करील आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नाही. प्रशिक्षणाला मुंबईहून कुणी यायची गरज नाही. वाळूज आणि चिकलठाण्यात सुरक्षा अधिकारी आहेत, जिल्ह्याजिल्ह्याला आयटीआय आहेत, तिथले निदेशक मराठीत, यंत्राशेजारी उभे राहून, दोन दिवसांत हे सगळे शिकवू शकतात. दुरुस्ती चालू असताना मेनला कुलूप आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात, हे तर पहिल्याच दिवशी.

अपघाताची नोंदवही वेगळी ठेवावी, आणि त्यात फक्त तुटलेले हात लिहू नयेत. चादर अडकली पण हात वाचला, दार उघडताना वाफ आली पण मामा बाजूला होते, लाइट आल्यावर यंत्र आपोआप फिरले पण आत कुणी नव्हते, हेही लिहावे. कारखान्यात आम्ही अशाच नोंदींवरून पुढचा अपघात कुठे होणार ते ओळखायचो. नोंद करणाऱ्याला शिक्षा नाही, हे अधिष्ठात्यांनी स्वतःच्या सहीने भिंतीवर लावावे. आणि वार्षिक अहवालात 'निरंक' लिहिणाऱ्या रुग्णालयाची तपासणी आधी व्हावी, ज्याने दहा अपघात लिहिले त्याची नंतर.

कर्मचारी संघटनांना मात्र एक बोलायचे आहे. कायम करा, वेतनश्रेणी द्या, वारसाहक्काने नेमणूक द्या, या मागण्या रास्तच आहेत. त्यांच्या मागणीपत्रात हायड्रोचे झाकण किंवा ऑटोक्लेव्हचा व्हॉल्व्ह मला कधी दिसला नाही. ठेक्यावरची माणसे संघटनेत नाहीत म्हणून त्यांच्या यंत्राचा विषय आपला नाही, असे समजणे महागात पडेल. त्याच यंत्रावर रात्रपाळीला कायम नोकरीतलाही माणूस उभा असतो.

नव्या ठेक्यांच्या निविदा मार्चअखेरच्या घाईत निघतात. त्यांत एका चादरीच्या धुलाईला दर किती आणि चादर उशिरा दिली तर दंड किती, हे बारकाईने लिहिलेले असते. सुरक्षेचा स्विच बिघडला तर तो किती दिवसांत कुणी बदलायचा, तोवर यंत्र बंद राहिले तर दंड लागणार नाही, आणि तारा जोडून यंत्र चालवल्याचे दिसले तर ठेका रद्द होईल, ही तीन वाक्ये त्यात घालायला अर्धे पानही लागत नाही. येत्या मार्चच्या निविदेत ती घातली आहेत का, हे रुग्णालयाच्या अभ्यागत मंडळातल्या लोकप्रतिनिधींनी सही करण्याआधी वाचून घ्यावे.